अंड्यातून नुकतीच निघालेली बॉक्स टर्टलची पिल्लं : घरात सांभाळताना कोणतं काम कधी करायचं

बॉक्स टर्टल या कासवाचं पिल्लू पहिल्या दोन-तीन महिन्यांत दगावतं, तेव्हा बहुतेक वेळा ते आधी सुकलेलं असतं. अंगातलं पाणी कमी झालं की भूक जाते, भूक गेली की पिल्लू निपचित पडतं, आणि पाळणाऱ्याला वाटतं की ते गारठलंय. मग दिवा आणखी जवळ आणला जातो आणि पेटीत उरलासुरला ओलावा होता तोही उडून जातो.

हे कासव जमिनीवर राहतं म्हणून त्याला कोरडी, तापलेली जागा दिली जाते. मोठं कासव त्यात काही काळ निभावून नेईल. पिल्लू मात्र जेमतेम ३ सेंमी लांबीचं आणि ६ ते १० ग्रॅम वजनाचं असतं. एवढ्याशा देहाला सुकायला वेळ लागत नाही. निसर्गात ही पिल्लं ओल्या पालापाचोळ्याखाली दडून राहतात, उघड्यावर क्वचितच दिसतात. घरात त्यांना तशीच जागा करून द्यायची आहे. खालचे टप्पे ज्या क्रमानं दिलेत त्याच क्रमानं घ्या.

सुरुवातीलाच दोन गोष्टी. हा लेख उत्तर अमेरिकेतल्या बॉक्स टर्टलविषयी आहे. आशियाई बॉक्स टर्टल बरीचशी पाण्यात राहणारी असतात, त्यांची पिल्लं या पद्धतीनं सांभाळू नका. दुसरं म्हणजे, ही कासवं ‘साइटिस’ या वन्यजीवांच्या व्यापारावर बंधन घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत येतात आणि पाळण्याचे नियम ठिकठिकाणी वेगळे आहेत. आपल्याकडचा नियम आधी पाहा, कागदपत्रं पूर्ण करा, मगच पुढे वाचा.

टप्पा १ : अंडी फुटण्याआधी पेटी तयार करा

पिल्लू हातात आल्यावर पेटीची जमवाजमव सुरू केली की पहिला आठवडा वाया जातो, आणि नेमका तोच आठवडा नाजूक असतो. पेटी किमान दोन दिवस आधी पूर्ण मांडून, दिवे लावून, तापमान मोजून ठेवा.

पेटी : साधारण ६० × ४० सेंमीचा, ३० सेंमी उंचीचा, अपारदर्शक प्लॅस्टिकचा टब. दोन ते तीन पिल्लांना पहिल्या वर्षी एवढा पुरतो. काचेची टाकी टाळा, कारण पिल्लाला काच कळत नाही आणि ते दिवसभर भिंतीला धडका देत चालत राहतं. काचेचीच वापरायची असेल तर तिन्ही-चारही बाजूंना बाहेरून कागद चिकटवा.

जमिनीचा थर : भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ५ ते ७ सेंमी जाड. त्यावर अर्ध्या भागात लांब धाग्याचा स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) आणि सगळीकडे वाळलेली पानं. पानं फवारणी न केलेल्या झाडाची घ्या, उकळत्या पाण्यातून काढा आणि निथळून पसरा. वाळू, खडी, देवदार किंवा पाइनचा भुसा आणि खत मिसळलेली कुंडीची माती यांतलं काहीही वापरू नका. वाळू घासाबरोबर पोटात जाते आणि आतड्यात अडकू शकते.

उबेची जागा : पेटीच्या एका टोकाला कमी वॉटचा दिवा. दिव्याखाली, पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर, २९ ते ३१ अंश सेल्सियस. दुसऱ्या टोकाला २३ ते २५ अंश. रात्री सगळे दिवे बंद, आणि २० ते २२ अंशांपर्यंत उतरलं तरी चालतं. दिवा नुसत्या चिमट्यावर टांगू नका. चिमटा निसटून तापलेला दिवा वाळक्या पानांवर पडला की आग लागते. साखळीनं किंवा तारेनं दुसरा आधार द्याच.

यूव्हीबी (कवच टणक व्हायला लागणारे अतिनील किरण) : ५ ते ६ टक्के क्षमतेची यूव्हीबी ट्यूब, रोज १२ तास, टायमरवर. अंतर किती ठेवायचं ते ट्यूबच्या खोक्यावर लिहिलेलं असतं, तेच पाळा. काच आणि प्लॅस्टिक हे किरण अडवतात, त्यामुळे झाकणाच्या वर ठेवलेली ट्यूब किंवा खिडकीच्या काचेतून येणारं ऊन या कामाचं नाही. ट्यूब दिसायला पेटत राहते, पण तिची यूव्हीबी कमी होत जाते. म्हणून बनवणाऱ्यानं दिलेल्या मुदतीनुसार, म्हणजे बहुधा ६ ते १२ महिन्यांनी, बदला आणि लावल्याची तारीख तिच्याच टोकावर लिहून ठेवा.

पाण्याचं भांडं : कुंडीखालची उथळ, खडबडीत कडांची बशी. पाणी पिल्लाच्या हनुवटीपर्यंत, म्हणजे १ सेंमीच्या आतच. बशी थरात इतकी पुरा की काठ आणि जमीन एका पातळीत येतील.

सावधान : तळाशी गरम होणारी चटई किंवा ‘गरम दगड’ ठेवू नका. तापलं की कासव खाली उकरून गारवा शोधतं, हा त्याचा स्वभाव आहे. ऊब खालूनच येत असेल तर ते चटक्याच्या दिशेनंच खाली जातं.

तपासून पाहा : मूठभर थर उचलून दाबा. गोळा टिकला आणि बोटांमधून जास्तीत जास्त एखादा थेंब आला, तर ओल बरोबर आहे. धार लागली तर जास्त. मूठ उघडताच चुरा झाला तर कमी. हवेतली आर्द्रता जमिनीलगत ८० टक्क्यांच्या आसपास हवी. आर्द्रतामापकाचं टोक पेटीच्या भिंतीवर उंच लावलं तर आकडा फसवा येतो, ते पानांच्या पातळीवर ठेवा.

टप्पा २ : अंडं फुटताना हात आवरा

पिल्लू नाकाच्या टोकावरच्या छोट्या टोकदार कणीनं कवच फाडतं आणि नंतर बऱ्याचदा तसंच आत बसून राहतं. एक दिवस, दोन दिवस, कधी त्याहून जास्त. ते अडकलंय असं समजून कवच सोलणं ही या टप्प्यावरची सर्वांत मोठी चूक. आत बसून ते पोटाशी असलेली बलकाची पिशवी अंगात ओढून घेत असतं. घाईनं बाहेर काढलं तर पिशवी फाटते आणि रक्तस्राव होतो किंवा जंतुसंसर्ग होतो.

अंड्यातून नाक दिसतंय, अधूनमधून हालचाल आहे, उबवणीपेटी ओली आहे, एवढं पुरेसं आहे. झाकण उगाच उघडू नका. नाकाची कणी नंतर आपोआप गळते, ती खरवडून काढायची नसते.

टप्पा ३ : पहिले काही दिवस ओल्या टिश्यूच्या डब्यात

बाहेर आलेलं पिल्लू लगेच मोठ्या पेटीत जात नाही. झाकणाला भोकं पाडलेला लहान प्लॅस्टिकचा डबा घ्या, तळाशी बिनवासाच्या, बिनरंगाच्या टिश्यू पेपरचे दोन-तीन थर अंथरा, पाण्यानं चिंब करा, वर सैल गोळे केलेले ओले टिश्यू टाका म्हणजे पिल्लाला त्यांत शिरून बसता येईल. डबा २६ ते २८ अंशांत, अंधाऱ्या जागी ठेवा. टिश्यू रोज बदला.

आता पिल्लाला अलगद उचलून त्याचं पोट पाहा. पोटाकडच्या कवचाच्या मधोमध बलकाची जागा दिसते. कधी तिथे फक्त चीर असते, कधी मसुराएवढा पिवळसर फुगवटा, तर कधी वाटाण्याएवढी पिशवी लोंबत असते. चीर असेल तर दोन-तीन दिवस या डब्यात पुरतात. पिशवी बाहेर असेल तर ती पूर्ण आत जाईपर्यंत पिल्लू इथेच राहील, मग आठवडा लागो किंवा जास्त.

पिशवी बाहेर असलेल्या पिल्लासाठी टिश्यू कधीही सुकू देऊ नका. सुकलेला टिश्यू पिशवीला चिकटतो आणि पिल्लू चालू लागलं की ती ओढली जाते. टिश्यूची वळकटी करून लहान गोल चुंबळ बनवा आणि पिल्लाला तिच्यावर असं ठेवा की पिशवी मधल्या पोकळीत, ओल्या कागदाला हलकी टेकून राहील. पिशवी हातानं आत ढकलायची नाही, बांधायची नाही, कापायची नाही. ती फुटली, काळी पडली किंवा तिला वास आला तर त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांचा पशुवैद्य गाठा.

या दिवसांत खायला घालू नका. बलक हेच त्याचं अन्न आहे.

तपासून पाहा : पुढच्या टप्प्यावर जाण्याआधी पोटावरची चीर मिटलेली आणि कोरड्या कातडीसारखी दिसली पाहिजे. डोळे उघडे, स्वच्छ आणि चमकदार हवेत. उचलल्यावर पायांनी हवेत जोर काढला पाहिजे. कवच अजून किंचित लवचिक असणार; ते या वयात स्वाभाविक आहे.

टप्पा ४ : पेटीत सोडणं

सकाळी, दिवे लागून दोन तास झाल्यावर सोडा, म्हणजे पुढचा पूर्ण दिवस लक्ष ठेवता येतं. सोडण्याआधी त्याचं वजन करून लिहून ठेवा. पिल्लाला मॉसच्या कडेला ठेवा. ते बहुधा पाच मिनिटांत दिसेनासं होईल, आणि तेच हवं आहे. दिवसचे दिवस पाल्याखाली राहणारं पिल्लू आजारी नाही. त्याला सारखं उकरून काढलं तर मात्र ते खाणं सोडतं. दिवसातून एकदा, भिजवण्याच्या वेळी काढा, तेवढं बस.

पहिल्या आठवड्यात तीन अपघात हमखास होतात. पिल्लू उलटं पडतं आणि दिव्याखाली असेल तर भाजून मरतं. म्हणून दिव्याखाली गुळगुळीत सपाट दगड नको, पानं आणि झाडाच्या सालीचा तुकडा असा आधार हवा, ज्याला पाय लावून ते सुलटं होईल. बशीत पाणी जास्त झालं तर उलटं पडलेलं पिल्लू बुडतं. आणि कोणीतरी ‘थोडं ऊन मिळू दे’ म्हणून काचेची टाकी उन्हात ठेवतं; बंद काचेत थोड्या वेळात जीवघेणी उष्णता साठते. या तिसऱ्या अपघाताला सुटका नसते, म्हणून टाकी उन्हात कधीच ठेवू नका.

दिवसातून दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, कोमट पाणी फवारा. वरून ओलं दिसलं म्हणून थांबू नका. आठवड्यातून एकदा बोट तळापर्यंत घालून पाहा. दिव्याच्या बाजूचा तळ सगळ्यात आधी सुकतो. तिथे कोपऱ्यात थोडं पाणी ओतलं की ते खालून पसरतं आणि वरची पानं चिखलट होत नाहीत. उलट तळाशी पाणी साचून आंबूस वास येत असेल तर ओल जास्त झाली आहे. थर वर-खाली करा, झाकण थोडं उघडा. ओलावा आणि खेळती हवा दोन्ही लागतात. हवा कोंडली की कवचावर आणि कातडीवर बुरशी धरते.

टप्पा ५ : रोजचं भिजवणं

पहिले सहा महिने हे रोजचं काम आहे. चुकवू नका.

उथळ डब्यात २६ ते २९ अंशांचं पाणी, पुन्हा हनुवटीपर्यंतच. पिल्लू त्यात १५ ते २० मिनिटं ठेवा. ते मान लांबवून नाक पाण्यात बुडवेल आणि गळ्याची कातडी हलके वर-खाली होताना दिसेल. ते पाणी पीत आहे. बऱ्याचदा याच वेळी ते शी-शू करतं, त्यामुळे पेटीही स्वच्छ राहते. भिजवण्याचा डबा वेगळा ठेवा आणि दर वेळी धुवा. पाणी गार होऊ लागलं तर पिल्लू आधी बाहेर काढा.

तपासून पाहा : लघवीबरोबर येणारा पांढरा भाग दह्याच्या निवळीसारखा पातळ असावा. तो खडूच्या लगद्यासारखा घट्ट, रेतीसारखा खरखरीत आला तर पिल्लाला पाणी कमी पडतंय. दिवसातून दोनदा भिजवा आणि थर तपासा. डोळे आत गेलेले, मागच्या पायांच्या मुळाशी कातडी सैल पडलेली, ही पुढची पायरी. तोवर थांबू नका.

टप्पा ६ : पहिला घास

अंड्यातून निघाल्यावर तीन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत कधीही पिल्लू खायला लागतं. या वयात ते जवळजवळ मांसाहारीच असतं आणि हलणाऱ्या गोष्टीवरच झडप घालतं. बारीक चिरलेली भाजी समोर ठेवून ‘खात नाही’ म्हणणं म्हणूनच चूक आहे.

पहिल्या घासासाठी गांडूळ सर्वांत भरवशाचं. फवारणी नसलेल्या मातीतलं घ्या, धुवा, आणि ५ ते ८ मिमीचे तुकडे करा. तुकडे थोडा वेळ वळवळत राहतात, तेवढंच आमिष पुरतं. गांडूळखतात असतात ती लाल गांडुळं टाळा. ती कापली की उग्र वासाचा पिवळा द्रव सोडतात, आणि एकदा तोंड कडू झालं की पिल्लू गांडुळाकडेच पाठ फिरवतं. लहान आयसोपॉड (ओल्या पाल्याखाली राहणारे बारीक किडे), नुकतीच कात टाकलेली पांढरी मिलवर्म (भुंग्याच्या अळ्या), अगदी लहान रातकिडे हेही चालतात. नियम एकच : तुकडा पिल्लाच्या डोक्याच्या रुंदीपेक्षा मोठा नसावा.

खायला घालण्याची वेळ म्हणजे भिजवणं संपल्या संपल्या. अंग ओलं आणि उबदार असतं तेव्हाच भूक जागी होते. पिल्लाला वेगळ्या लहान डब्यात घ्या, तळाशी ३ ते ५ मिमी पाणी ठेवा, तुकडे त्यात टाका आणि दूर व्हा. वर वाकून पाहत राहिलात तर सावली पडते आणि ते आत दडतं. आधी ते तिरकी मान करून एका डोळ्यानं पाहील, मग मान हळूहळू ताणेल, आणि पहिल्या झडपेला बहुधा चुकेल. अर्धा तास द्या. नाही खाल्लं तर उचलून पेटीत परत ठेवा, उद्या पुन्हा.

एकाच डब्यात दोन पिल्लांना खायला घालू नका. शेपटी आणि पायाची बोटं गांडुळासारखीच हलतात. एक पिल्लू जोरकस असतं आणि दुसरं मागे पडत जातं, हेही एकत्र ठेवल्यानं उशिरा लक्षात येतं.

दोन आठवडे उलटूनही घास घेतला नाही तर अन्न बदलण्याआधी तापमान मोजा. थंड पेटीतलं पिल्लू काहीही ठेवलं तरी खात नाही. तापमान आणि ओल दोन्ही ठीक असून तिसरा आठवडा उजाडला, किंवा वजन उतरू लागलं, तर वैद्याकडे न्या. चिमट्यानं जबडा उघडून भरवू नका, जबडा मोडतो.

टप्पा ७ : आहार पक्का करणं

एकदा खायला लागलं की रोज सकाळी, १५-२० मिनिटांत संपेल इतकंच. उरलेलं लगेच काढा.

गांडूळ रोजचं असलं तरी फक्त तेवढ्यावर पिल्लू वाढवू नका. कीटकांत बदल ठेवा आणि दुसऱ्या महिन्यापासून गांडुळाच्या तुकड्यांत वनस्पती मिसळा : किसलेला रताळ्याचा किंवा लाल भोपळ्याचा कीस, बारीक चिरलेली डँडेलियनची पानं, स्ट्रॉबेरीचा कण, मशरूमचा चुरा. हिरवा घास गांडुळाच्या रसात घोळला की नकळत पोटात जातो. पालक कधीतरीच द्या, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून धरतं.

फॉस्फरसविरहित कॅल्शियम पावडर आठवड्यातून दोन ते तीनदा, तुकड्यांवर हलकी भुरभुरून. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची जीवनसत्त्वांची पावडर आठवड्यातून एकदाच. ‘जास्त दिलं तर जास्त चांगलं’ हे इथे लागू नाही. अ आणि ड जीवनसत्त्वांचा अतिरेक विषारी ठरतो.

सावधान : दूध, पाव, कच्चा खिमा, कुत्र्या-मांजराचं खाद्य हे पिल्लाचं अन्न नाही. कच्च्या मांसात कॅल्शियमच्या मानानं फॉस्फरस फार असतो आणि कवच मऊ पडतं. काजवे चुकूनही देऊ नका, काही जातींच्या अंगात सरपटणाऱ्या प्राण्यांना मारक विष असतं. बागेत कीटकनाशक किंवा गोगलगायीचं औषध टाकलं असेल तर तिथला एकही किडा पेटीत येता कामा नये.

टप्पा ८ : वजन, नोंद आणि वेळीच ओळखायची लक्षणं

०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा या सगळ्या साहित्यातली सर्वांत उपयोगी वस्तू आहे. आठवड्यातून एकदा, भिजवण्याच्या आधी, त्याच वाराला वजन करा आणि लिहा. पहिल्या दोन आठवड्यांत वजन जागेवर राहिलं किंवा किंचित उतरलं तर घाबरू नका, बलक संपत असतो. खाणं सुरू झाल्यावर मात्र सलग दोन आठवडे घट, किंवा सर्वाधिक नोंदीपेक्षा १० टक्के घट म्हणजे काहीतरी बिनसलंय. ९ ग्रॅमच्या पिल्लाच्या बाबतीत ही घट १ ग्रॅमही भरत नाही. डोळ्यांना ती दिसणार नाही.

पापण्या सुजून डोळे मिटलेले : बहुधा कोरडी हवा किंवा अ जीवनसत्त्वाची कमतरता. घरच्या घरी थेंब टाकत बसू नका, मिटल्या डोळ्यांनी पिल्लू खात नाही आणि दिवस हातचे जातात.

नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास, मान ताणून धापा : श्वसनाचा संसर्ग. त्याच दिवशी वैद्य.

काही महिन्यांचं होऊनही कवच दाबल्यावर दबतं : कॅल्शियम किंवा यूव्हीबी कमी पडतंय. वयाबरोबर कवच नखासारखं कडक होत जायला हवं.

कवचावर ओलसर, दुर्गंधी चट्टा : कुजण्याची सुरुवात. पिल्लाला स्वच्छ ओल्या टिश्यूवर वेगळं ठेवा आणि दाखवा. कोरड्यात टाकून ‘वाळवायला’ जाऊ नका.

थरावर फिरणारे बारीक पांढरे किडे मात्र बहुतेक वेळा उरलेल्या अन्नावर जगणारे असतात. अन्न वेळेवर उचललं की कमी होतात. आयसोपॉड आणि स्प्रिंगटेल (मातीतले उड्या मारणारे अगदी बारीक जीव) थरात सोडले तर ते बुरशी खाऊन पेटी बरीच स्वच्छ ठेवतात. पूर्ण थर ४ ते ६ आठवड्यांनी बदला.

सगळी कासवं साल्मोनेला हे माणसाला जुलाब-ताप आणणारे जंतू बाळगू शकतात, दिसायला ठणठणीत असली तरी. पिल्लू, पेटी किंवा पाणी हाताळल्यावर दर वेळी साबणानं २० सेकंद हात धुवा. भिजवण्याचं पाणी स्वयंपाकघरातल्या मोरीत ओतू नका. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात पिल्लू देऊ नका.

पहिला हिवाळा आणि पुढे

थंडीत दिवस लहान झाले, खोली गार पडली की पिल्लू मंदावतं आणि मातीत खोल जाऊ लागतं. पहिल्या वर्षी त्याला शीतनिद्रेत जाऊ देऊ नका. दिव्यांचे १२ तास आणि तापमान तसंच ठेवा. अर्धवट गार खोलीत ते धड जागं नसतं, धड झोपलेलंही नसतं. खाणं बंद आणि साठा खर्च, अशा अवस्थेत ते झिजत जातं. वीज जाण्याची शक्यता असेल तर पेटीवर जाड चादर आणि बाजूला कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली तयार ठेवा.

पिल्लू ५० ग्रॅमच्या आसपास पोचलं आणि कवच टणक झालं की भिजवणं एक दिवसाआड केलं तरी चालतं, पेटी मोठी करा, थर १० सेंमीपर्यंत वाढवा. पोटाकडच्या कवचाचं बिजागर अजूनही मिटत नसेल. ते काम करू लागायला काही वर्षं जातात, आणि तोवर मुंगी, उंदीर, मांजर यांच्यापुढे हे कासव पूर्ण उघडं असतं. म्हणून पेटीवर घट्ट बसणारी जाळी या काळात कधीही काढून ठेवू नका. वाढलेली पिल्लं डोईजड झाली तरी रानात सोडायची नाहीत. घरात वाढलेल्या कासवाकडून रानाव्हायरससारख्या विषाणूंचे रोग तिथल्या प्राण्यांत जाऊ शकतात. अंडी उबवायला ठेवण्याआधीच पिल्लं कोणाकडे जाणार हे ठरवा, आणि ठरत नसेल तर अंडी उबवू नका.